आधी ऐका, मग अंगठा

अंगठा उठवून झाला तरी बाई त्या माणसाचा हात सोडत नसत. त्यांच्या पर्समध्ये खोबरेलाची एक चिमुकली बाटली असे. पदराच्या टोकाला थेंबभर तेल लावायचं आणि समोरच्याच्या अंगठ्यावरची जांभळी शाई नखाच्या कडेपर्यंत पुसून काढायची. कचेरीत अंगठा दिलेला माणूस बाहेर येऊन शाई कुठं पुसतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. भिंतीला पुसतो, नाही तर डोक्याच्या केसांना. बाईंना ते बघवत नसे. त्यांच्या सगळ्या लुगड्यांच्या पदरांवर एकाच कोपऱ्यात जांभळे डाग होते. चांगलं लुगडं त्यांच्याकडे बहुधा नव्हतंच, किंवा होतं तेही याच कामी आलं होतं.

पण पुसणं नंतर. त्याच्या आधी वाचणं. कागद कुठलाही असो, तो पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्या शाईच्या पॅडचं झाकण उघडत नसत. "आधी ऐका, मग अंगठा," हे त्यांचं वाक्य आमच्या बालगृहातल्या पोरांनाही पाठ झालं होतं. पोरं जेवायला बसताना एकमेकांना म्हणायची, आधी ऐका, मग वरण.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बारामतीच्या कडेला असलेल्या एका बालगृहात लेखनिक होते. बाई परिवीक्षा अधिकारी. कुणी सोडून दिलेलं, हरवलेलं, नाही तर घरच्यांनीच आणून घातलेलं मूल आमच्याकडे आलं की त्याचं घर शोधायचं, माणसं बघायची आणि मुलानं कुठं राहावं याचा अहवाल पुण्याच्या बालकल्याण मंडळापुढं ठेवायचा, हे त्यांचं काम. मंडळ म्हणजे अशा मुलांचं कोर्टच. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बाईंच्या एकटीच्या पायाखाली होते. पाय हा शब्द मी उगीच वापरत नाही. संध्याकाळी फिरतीवरून आल्या की माझ्या टेबलाखाली बादली ओढून घेत, तिच्यात पाय सोडून बसत आणि तसंच बसून अहवाल सांगत. मी टाइप करी. मध्येच आवाज थांबला तर समजायचं, बाईंचा डोळा लागला. मी मशीनची घंटा वाजवी, की पुढचं वाक्य सुरू.

एकदा सोमेश्वरनगरच्या बाजूला ऊसतोडीला आलेला एक गडी आला. बायको वारलेली, कडेवर मुलगी. मूल कायमचं सोडल्याचा कागद आमच्या अधीक्षकांनी तयारच ठेवला होता. त्यांच्या मते हे काम चहा होईपर्यंतचं. बाई आल्या आणि वाचायला बसल्या.

"दादा, यात असं लिहिलंय, की दोन महिन्यांत तुमचं मन बदललं तर पोरगी परत न्यायचा तुम्हाला हक्क आहे. त्यानंतर नाही. त्यानंतर ती कुठं आहे, तेही तुम्हाला कुणी सांगणार नाही."

"सनासुदीला बी न्हाय भेटायचं?"

"नाही."

गड्यानं पुढं केलेला अंगठा मुठीत घेतला. "मंग मला कोन म्हनलं, हितं पोरी शिकायला ठेवत्यात?"

"शिकायला ठेवायचा कागद वेगळा असतो. बसा, तो वाचते."

अधीक्षक वैतागले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं काम उरकायची घाई. "बाई, तुम्ही अशा वाचत बसलात तर एक दिवस संस्था ओस पडेल."

"पडू द्या की साहेब. तुम्ही आणि मी दुसरं काही तरी करू. मला भाकरी बऱ्या जमतात."

त्यांची दुसरी खोड म्हणजे मुलाला विचारायची. आता वाचताना तुम्हाला यात काय विशेष वाटेल. पण त्या काळात मुलाला सोडून सगळ्यांना विचारत. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका पोरक्या मुलीवरून तिचा चुलता आणि मामा मंडळापुढं हमरीतुमरीवर आले होते. बाईंनी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "तुला कुठं राहायचंय गं?" मुलगी म्हणाली, "जितं माजी शेळी हाय तितं." मंडळातले साहेब लोक हसले. बाई हसल्या नाहीत. शेळी कुठं आहे ते बघायला त्या दुसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याला गेल्या. शेळी एका विधवा आत्याच्या दारात बांधलेली होती, आणि पोरीच्या आईचं आजारपण त्याच आत्यानं काढलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी अहवालात शेळीसकट सगळं घातलं. मला म्हणाल्या, "शेळी गाळू नकोस हं. शेळी हाच पुरावा आहे."

आणि काहीच मार्ग दिसेना, की चष्मा काढायचा, दोन बोटांनी डोळे दाबायचे आणि म्हणायचं, "बघू, कायद्यात कुठं बसतंय का. नसेल बसत तर बसवू."

आता अंथुर्ण्याच्या पोराचं सांगते. बाई म्हटलं की मला तेच आधी आठवतं.

अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर एक घर होतं. एके काळी मेंढरं राखणारं, आता थोडी शेती करणारं. तिथल्या सुनेची दोन मुलं लागोपाठ गेली होती. तिसरा मुलगा झाला. मूल जगत नसेल तर काय करतात, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकतात, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला वाटावं की हे टाकाऊ आहे, कुणाचंच नाही. टाकणाऱ्या आईनं मागं वळून बघायचं नाही. ठरवलेल्या बाईनं ते उचलायचं, त्याला केरबा, धोंडू असलं नाव ठेवायचं, आणि मग आईनं सूपभर धान्य देऊन आपलंच मूल तिच्याकडून विकत घ्यायचं. सगळा खेळ चूल पेटवायला लागेल तेवढ्या वेळाचा.

पोर उचलायला जाऊबाई यायची होती. नेमकी त्या सकाळी तिची म्हैस दावं तोडून पळाली. जाऊबाई म्हशीमागं, पोर उकिरड्यावर, आणि आई पाठ फिरवून ताठ चाललेली. तेवढ्यात रस्त्यानं मोटरसायकलवरून एक गृहस्थ गेले. शहरातले, शिकलेले. त्यांनी बघितलं ते खरंच होतं: शेणात मूल आणि मागं न बघता निघून जाणारी बाई. त्यांनी मूल उचललं आणि थेट पोलिसांकडे नेलं. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच केलं असतं.

आईला बोलावलं. ती घाबरून खरं खरं बोलली, आणि तिचं प्रत्येक खरं उत्तर तिला आणखी खोल नेत गेलं.

"तूच टाकलंस?"

"व्हय."

"मागं वळून तरी बघितलंस का?"

"न्हाय. बगायचं नसतंय."

"मग त्याचं काय करायचं ठरलं होतं?"

"जावंकडनं इकत घ्यायचा व्हता. सूपभर बाजरीला."

जबाबात ते उतरलं ते असं: मूल टाकले, विक्रीचा बेत होता. जवळचा म्हातारा हवालदार गालात हसला म्हणे. त्याला सगळं समजलं होतं. पण कागद पुढं गेला होता, आणि पुढं गेलेला कागद मागं आणणं हवालदाराच्या हातात नव्हतं. मूल आमच्याकडे आलं. टाकलेलं मूल म्हणून मंडळानं ते दत्तक द्यायला मोकळं ठरवलं असतं, तर आईचा त्याच्यावरचा हक्क कायमचा संपला असता. आमच्याकडे एक जोडपंही वाट बघत होतं. चांगली माणसं होती, देवानं त्यांना बरीच वाट बघायला लावली होती.

आई आमच्या फाटकाबाहेर येऊन बसली. दुधाच्या गाडीतून यायची, दूध घालून परतणाऱ्या गाडीतून जायची. अधीक्षक आत घेईनात. बाई फिरतीवरून आल्या, फाटकापाशी तिच्याजवळ बसल्या, सगळं ऐकून घेतलं आणि तिला हाताला धरून आत घेऊन आल्या.

"पोराला पाजू द्या तिला."

"बाई, हिनंच टाकलंय ते. प्रकरण मंडळापुढं आहे."

"तेच म्हणते मी. मंडळ नाही म्हणेपर्यंत ती त्याची आई आहे. बाटलीतलं दूध कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते दाखवा."

अधीक्षकांनी पाजू दिलं. पण ती आईही अजब. पोराला पदराखाली घ्यायची आणि तोंड दुसरीकडे करून बसायची. कुणी कौतुकानं म्हटलं, अगदी आईवर गेलाय, तर दचकायची. "न्हाय वो. दुसऱ्याचं हाय त्ये." अजून विकत घेतलं नव्हतं ना, आपलं म्हटलं तर दृष्ट लागायची. अधीक्षक मला म्हणाले, "ऐका, स्वतःच्या तोंडानं सांगतीय." मला तर तिचा रागच यायचा. आपल्याच हातानं आपला गळा इतका कोण कापतं? बाई म्हणायच्या, "तिला खोटं बोलायला शिकवू नका. खऱ्यावर निघतंय का बघू."

मंडळाच्या तारखेला बाईंनी काय करावं? त्या वस्तीवरून तीन म्हातारे पुण्याला घेऊन आल्या. पटके बांधलेले, हातात काठ्या. सोबत ती म्हैसवाली जाऊबाई आणि आई. मीही होते, कागद सांभाळायला. मंडळाच्या अध्यक्ष एक शांत, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण? आमच्या बाई म्हणाल्या, "पुरावा आहे. यांना फक्त नाव विचारा."

पहिले आबा उठले. "केरबा."

"हे नाव कुणी ठेवलं?"

"आत्यानं. तिनंच उचललं ना मला उकिरड्यावनं."

दुसरे तात्या. "धोंडीबा. पायलीभर जोंधळ्याला."

तिसऱ्यांनी आपलं नाव उकिरडा असं सांगितलं तेव्हा मंडळाचा शिपाईही तोंडावर हात ठेवून उभा राहिला. अध्यक्षबाईंनी आवाज सांभाळत विचारलं, "मग तुमच्या आईनं तुम्हाला परत कधी घेतलं?"

उकिरडा आबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "लगीच की. तिला दम निघतोय व्हय?"

आई कोपऱ्यात उभी होती. धोंडीबा तात्यांनी तिच्याकडे काठी केली आणि म्हणाले, "बाईसाब, आमाला चूल पेटस्तवर बी सोडलं न्हाय आमच्या आयांनी. ही पोरगी किती दीस झालं सोडून बसलीया. तिला सोडवा आता."

मूल आईला द्यावं असा निकाल झाला. येताना पाटसला चहा घेतला. मला वाटलं, बाई खुशीत असतील. त्या कपाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "एक पोर घरी पाठवायला अख्खं गाव पुण्याला न्यावं लागलं गं. ज्याच्या मागं गाव नाही, त्याचं काय करायचं?" त्या जोडप्याला सांगायलाही बाई स्वतःच गेल्या. आल्यावर त्यांनी बादली घेतली, पाय सोडले आणि त्या दिवशी एकही अहवाल सांगितला नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. मूल न्यायच्या दिवशी आई आली ती डोक्यावर सूप घेऊन. सुपात बाजरी. आमच्या पायरीवर उभी राहिली. आमच्या सेविकेनं पोराला काजळतीट करून आणलं, पुढं केलं, तर ही हात पुढं करीना.

"असा न्हाय घेता यायचा. मोल द्यावं लागतंय. हितनं उचललाय तर हितल्यांनी मोल घ्यायला पायजे."

अधीक्षक अक्षरशः मागं सरले. "मुलाच्या बदल्यात काही घेणं हा गुन्हा आहे. माझी नोकरी जाईल. बाई, समजवा तिला."

बाईंनी तिला समजावलं. मंडळाचा हुकूम आधी नेहमीसारखा मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. मूल तुझंच आहे, सरकारनं सांगितलंय, आता कुणाला काही द्यावं लागत नाही. तिनं सगळं नीट ऐकलं. पोच म्हणून अंगठा दिला. बाईंनी तो पुसला. आणि तरी ती तिथंच. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण हात सुपालाच. "दोन गेली माजी. ह्यो बी फुकट न्हेला आन् गेला, तर कुनाला जबाब इचारू?"

बाईंनी चष्मा काढला, डोळे दाबले. मला वाटलं, आता म्हणणार, बघू कुठं बसतंय का. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"हे नाही बसायचं कायद्यात," त्या म्हणाल्या. मग चष्मा घातला, पायरी उतरल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदर पसरला. तोच, जांभळ्या डागांचा.

अधीक्षक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढं त्यांना सुचलं, हेही मी त्यांच्या बाजूनं सांगते. बाजरी सळसळत पदरात पडली. बाईंनी सेविकेकडून पोर घेतलं, आईच्या रिकाम्या सुपात ठेवलं आणि म्हणाल्या, "घे. केरबा नाव ठेवलंय मी." आईनं सूप उराशी धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोराच्या तोंडाकडे सरळ बघितलं. किती वेळ बघत होती. मला तिथं उभं राहवेना, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. "खा. गुन्ह्याची आहे." चांगली गोड भाकरी होती.

त्यानंतरही बाई फिरत राहिल्या. मुलं येत राहिली. बऱ्याच मुलांची घरं सापडली नाहीत, सापडलेली काही घरं मुलं ठेवण्याच्या लायकीची नव्हती, आणि बाईंचे अहवाल हळूहळू आखूड होत गेले. पाय सुजायचे ते उतरेनासे झाले. "मला कुणी दाखल करून घेत असेल तर मीच येते तुमच्याकडे," असं म्हणायच्या. आम्ही हसायचो. एक दिवस इंदापूरहून येताना एसटीतच त्यांना कसंसं झालं, आणि दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत. अजून निवृत्तही झाल्या नव्हत्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. साताऱ्याकडचा पुतण्या आला, त्यानं सगळं रीतसर केलं. दहावा कऱ्हेच्या काठी होता. आम्ही ऑफिसची चार माणसं होतो, अधीक्षकही होते. भटजींनी पाणी सोडायला सुरुवात करायची तेवढ्यात ती अंथुर्ण्याची आई आली. बरोबर धोंडीबा तात्या काठी टेकत, आणि पाच-सहा वर्षांचा एक पोरगा. पोराचं डोकं नुकतंच भादरलेलं.

पुतण्यानं विचारलं, "हे कोण?"

"ह्यो केरबा. बाईंचा हाय," ती म्हणाली. "मी इकत घेतल्याला त्यांच्याकडनं. आमच्यात असलं पोरगं दहाव्याला बसतंय."

पुतण्या गोंधळला. त्यानं भटजींकडे बघितलं, भटजींनी अधीक्षकांकडे. अधीक्षक म्हणाले, "बसू द्या." पुतण्या भला होता. त्यानं सरकून पोराला शेजारी जागा दिली.

मी तात्यांच्या जवळ सरकले आणि हळूच विचारलं, "तात्या, असतं असं तुमच्यात?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "कुटं असतंय असलं? तिनं बसवलं."

भटजींनी पोराच्या हातावर तीळ ठेवले आणि पाणी कसं सोडायचं ते दाखवलं: बोटांवरून नाही, अंगठ्यावरून. पोरगं ओंजळीकडे बघत बसलं. आई मागून म्हणाली, "आदी ऐक, काय सांगत्यात. मंग सोड." त्यानं मान वर करून ऐकून घेतलं, आणि मग अंगठ्यावरून पाणी सोडलं. सगळं झाल्यावर तो उठून ओला हात चड्डीला पुसायला लागला. आईनं त्याचा हात धरला, पदराचं टोक घेतलं आणि अंगठा नखाच्या कडेपर्यंत पुसून काढला.